किल्ली फिरवण्याआधी फोनचं काय करायचं

साताऱ्यात मी बायकांना चारचाकी शिकवते. क्लच, गिअर हळूहळू जमतात, पण लायसन हातात आलं तरी फोन मांडीवरून हलत नाही. म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवसापासून फोनचा धडा असतो आणि तो गाडी उभी असतानाच होतो.

अडचण फक्त हाताची नाही, हे आधी लक्षात घ्या. शिकणारी मुलगी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नीट चाललेली असते. स्टँडवरच्या फोनवर ‘आई’ असं नाव उमटतं आणि तिचा डावा पाय क्लचवरून सुटतो. गाडी आचका देऊन बंद पडते. फोनला तिने बोटही लावलेलं नसतं. म्हणून ‘मॅडम, ब्लूटूथवर बोललं तर चालतं ना?’ असं कुणी विचारलं की मी नाही म्हणते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण 4 पट असतो आणि हँड्सफ्रीने तो फारसा कमी होत नाही. शेजारी बसलेल्या जावेला पुढच्या ट्रकने मारलेला ब्रेक दिसतो, ती बोलता बोलता गप्प होते. फोनवरच्या माणसाला तो ट्रक दिसत नाही, तो बोलतच राहतो.

मेसेज वाचणं त्याहून वाईट. ताशी 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दोन ओळींचा मेसेज वाचायला 4 सेकंद धरा, म्हणजे जवळजवळ 90 मीटर गाडी आपली आपणच गेली. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपतो तिथे उतारावर एस आकाराचं वळण आहे. किती अपघात झालेत तिथे, हे आमच्याकडच्या कुणालाही विचारा.

आता करायचं काय ते सांगते. सीटबेल्ट लावायच्या आधी मॅपवर ठिकाण टाका, आवाज सुरू करा आणि पूर्ण रस्ता एकदा डोळ्यांखालून घाला. सुरूर फाट्याला वाईकडे वळायचंय एवढं डोक्यात असलं की स्क्रीनकडे बघायची गरज निम्मी संपते. स्टँड समोरच्या काचेच्या मधोमध नको, रस्ता झाकतो. डॅशबोर्डवर खाली, मान न वळवता नजर जाईल असा लावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2020 साली झालेल्या बदलानुसार हातातल्या फोनसारख्या उपकरणाचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करायचा आहे. एरवी मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. सिग्नलला थांबलो तरी आपण गाडी चालवतच असतो, तेव्हाही फोन उचलू नका.

मग ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, म्हणजे फोन वाजत नाही. त्यातली एक सोय फार थोड्यांना माहीत असते: त्याच नंबरवरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा, असं सेटिंग बहुतेक फोनमध्ये असतं. ते चालू करा आणि घरच्यांना बसवून समजावून सांगा. सहज केलेला फोन एकदाच करायचा. खरंच काही अडलं असेल तर लागोपाठ दोनदा. दुसऱ्यांदा वाजला तरी चालत्या गाडीत उचलायचा नाही, इंडिकेटर देऊन पेट्रोल पंपावर नाहीतर हॉटेलच्या आवारात गाडी घ्यायची आणि मग बोलायचं. हायवेच्या कडेला थांबू नका, मागून येणाऱ्याला गाडी उभी आहे हे वेळेत कळत नाही. सोबत कुणी असेल तर फोन सरळ त्यांच्या हातात द्या.

घरच्यांचं एवढं सांगते, कारण निम्मे फोन तेच करतात. ‘कुठं पोचलीस?’ हे विचारायला सासूबाई काळजीनेच फोन करतात, त्यांना रागावून उपयोग नाही. निघतानाच सांगून ठेवा: ‘आई, आनेवाडी टोलच्या पुढे चहाला थांबेन, तेव्हा मीच फोन करते.’ आणि तसा करा, म्हणजे पुढच्या वेळी त्या वाट बघतात. आपण कुणाला फोन लावला तर पहिला प्रश्न ‘गाडीवर आहेस का?’ आणि हो म्हटलं की लगेच ठेवायचा. टोल ओलांडताच फास्टॅगचा मेसेज येतो, तोही चहाला थांबल्यावर बघा.

रेडिओला माझी ना नाही. पहाटे एकट्याने निघालं की सोबत होते. पण स्टेशनं घरीच बटणांवर बसवून घ्या. घाट आला, बोगदा आला की एफएम खरखरायला लागतो. त्या वेळी चांगलं स्टेशन शोधत बसू नका, आवाज बंद करा. घाटात तसाही वळणावरचा हॉर्न ऐकू यायला हवा. टचस्क्रीनवर स्टेशन बदलताना बोट कुठे पडतंय ते बघावं लागतं, जुन्या गोल बटणाला बघावं लागत नव्हतं. नवी गाडी घेताना आवाजाचं बटण स्टिअरिंगवर आहे का, हे शोरूममध्ये स्वतः दाबून बघा.

स्कूटरवाल्या मुलींनो, हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन घसरला की हात आपोआप त्याच्याकडे जातो आणि हँडल एका हातावर राहतं. निघताना तो डिकीत टाका. बहुतेक स्कूटरची डिकी त्याच किल्लीने उघडते, त्यामुळे फोन काढायचा तर आधी गाडी थांबवावीच लागते.