वाफेच्या रेडिएटरचा ठणठणाट: भाडेकरूने काय करावं?

न्यूयॉर्क, जर्सी सिटी, होबोकेन इथल्या जुन्या विटांच्या इमारतींत बरेच मराठी लोक भाड्याने राहतात. घर बघितलं तेव्हा जून असतो. खिडकीखालचं चंदेरी रंगाचं लोखंडी धूड, म्हणजे घर तापवणारा रेडिएटर, बघून त्यावर तुळस ठेवायचंही ठरलेलं असतं. मग ऑक्टोबर येतो आणि पहाटे भिंतीतून आवाज सुरू होतात: ठण्ण, ठण्ण, मग लांबलचक फुस्स.

बहुतेक जण एकतर कानात बोळे घालतात किंवा घरमालकाला ‘हीटर फार आवाज करतो’ एवढाच मेसेज टाकतात. मालक किंवा सुपर (इमारतीची देखभाल करणारा माणूस) म्हणतो, जुनी बिल्डिंग आहे, चालायचंच. हे उत्तर मुळीच मान्य करू नका. वाफेची यंत्रणा नीट असेल तर ती शंभर वर्षांची असली तरी फारसा आवाज करत नाही. ठणठणाट म्हणजे कुठेतरी नसावं तिथे पाणी साचलंय. ते कुठे साचलंय याचा अंदाज आवाजावरून बराचसा बांधता येतो, आणि तो बांधून केलेल्या तक्रारीला ‘चालायचंच’ म्हणणं अवघड जातं.

आधी यंत्रणा ओळखा

रेडिएटरच्या तळाशी बघा. एका बाजूला एकच जाड पाईप, त्यावर फिरवायचा व्हॉल्व्ह, आणि दुसऱ्या टोकाला मध्याच्या आसपास अंगठ्याएवढी चंदेरी टोपी दिसली, तर तुमची एका पाईपची वाफेची यंत्रणा आहे. त्या टोपीला एअर व्हेंट म्हणतात. दोन्ही टोकांना पाईप असतील तर ती दोन पाईपांची वाफेची किंवा गरम पाण्याची यंत्रणा असू शकते. नक्की कुठली, ते सुपरला विचारा.

हे विचारणं महत्त्वाचं आहे, कारण इंटरनेटवरचा निम्मा सल्ला गरम पाण्याच्या रेडिएटरसाठी असतो. छोट्या चावीने स्क्रू सैल करून हवा काढायची पद्धत त्यातलीच. पाण्याच्या रेडिएटरमध्ये गुळगुळ आवाज येत असेल तर तो उपाय बरोबर आहे. वाफेच्या रेडिएटरवर मात्र तापलेला असताना काहीही सैल करू नका. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रॉंक्समधल्या एका घरात रेडिएटरमधून सुटलेल्या वाफेने दोन लहान मुलींचा जीव गेला होता. घरात रांगतं मूल असेल तर आवाजाच्या आधी रेडिएटरवर झाकण बसवून घ्या आणि व्हेंट घट्ट बसलेला आहे ना, ते सुपरकडून तपासून घ्या.

आवाज का होतो?

तळघरातल्या बॉयलरमध्ये पाणी उकळतं. वाफ होताना ते सुमारे १,७०० पट पसरतं आणि पंपाशिवायच वरच्या मजल्यांवर चढतं. रेडिएटरमध्ये वाफ थंड होते, पुन्हा पाणी होते आणि त्याच पाईपने खाली उतरते. म्हणजे एकाच वाटेने वाफ वर आणि पाणी खाली, गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर असते तशी गत. पाईप आणि रेडिएटर यांना पाण्याच्या वाटेने पुरेसा उतार असेल तर दोघांचं जमतं. इमारत दबली, फरशी खचली, पाईपचा आधार निसटला, की खोलगट भागात पाणी थांबतं. मागून येणारी वाफ ते पाणी जोरात ढकलते आणि ते पुढच्या वळणावर आदळतं. तोच ठण्ण. प्लंबर याला वॉटर हॅमर म्हणतात.

व्हॉल्व्ह: पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद

सर्वांत आधी हे तपासा, कारण याला पैसे लागत नाहीत आणि परवानगीही लागत नाही. खोली फार तापते म्हणून लोक व्हॉल्व्ह अर्धा बंद करतात. गॅसची शेगडी बारीक करायच्या सवयीने हात आपोआप तिकडे वळतो. एका पाईपच्या यंत्रणेत मात्र हा व्हॉल्व्ह उष्णता कमी-जास्त करायला नसतोच. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून वाफ आत शिरते, पण पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ते आत साचतं, आदळतं आणि व्हेंटमधून पिचकारीसारखं उडतं.

म्हणून रेडिएटर गार असताना व्हॉल्व्ह डावीकडे फिरवून पूर्ण उघडा. जोर लावून मोडू नका. जुने व्हॉल्व्ह दांड्यापाशी गळायला लागतात आणि खालच्या घराच्या छतावर डाग उमटला की भांडण वेगळंच. फिरत नसेल तर सुपरला बोलवा. खोली खरोखरच फार तापत असेल, तर व्हेंटच्या जागी बसणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिळतो, तो बसवून मागा.

मग उतार

रेडिएटरच्या माथ्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा. फोनमधलंही चालतं. एका पाईपच्या रेडिएटरचा उतार व्हॉल्व्हकडे हवा, अगदी थोडा. उलटा उतार असेल तर पाणी लांबच्या टोकाला अडकून राहतं. उपाय साधा आहे: लांबच्या टोकाच्या पायांखाली पातळ पाचर घालायची. इथले जुने प्लंबर कधीकधी क्वार्टरचं नाणं सरकवतात, ते १.७५ मिलिमीटर जाड असतं आणि बरेचदा एक-दोन नाणी पुरतात. पण बिडाचा रेडिएटर भयंकर जड असतो आणि उचलताना पाईपचा जोड तडकू शकतो. हे काम सुपरकडूनच करून घ्या. तुम्ही फक्त लेव्हल दाखवायची.

फुसफुस आणि टिकटिक

बॉयलर सुरू झाल्यावर थोडा वेळ येणारी हलकी फुसफुस ठीक आहे. रेडिएटरमधली हवा व्हेंटमधून बाहेर जात असते. वाफ तिथे पोचली की व्हेंट आपोआप मिटायला हवा. तो मिटतच नसेल, शिट्टी वाजत असेल, किंवा खाली पाणी उडून फरशी फुगत असेल, तर व्हेंट गेला. उलट रेडिएटर अर्धाच तापत असेल तर व्हेंट चोंदला असण्याची शक्यता मोठी; दर नव्या भाडेकरूच्या आधी मारलेल्या रंगाने त्याचं भोक बुजलेलं असतं. नवा व्हेंट फार महाग नसतो आणि बसवायला थोडाच वेळ लागतो, त्यामुळे या कामासाठी ‘बघू पुढच्या महिन्यात’ ऐकून घेऊ नका.

टिकटिक किंवा कटकट असा कोरडा आवाज, तापताना आणि गार होताना दोन्ही वेळा येणारा, हा पाण्याचा नव्हे. लोखंड पसरतंय. तीन मीटरचा पाईप खोलीच्या तापमानावरून वाफेच्या तापमानाला गेला की जवळजवळ ३ मिलिमीटर लांबतो आणि फरशीच्या भोकाला किंवा भिंतीतल्या लाकडाला घासतो. पाईपभोवतीचं भोक थोडं मोठं करणं किंवा रेडिएटरच्या पायांखाली गुळगुळीत चकती ठेवणं, एवढ्याने हा आवाज बरेचदा जातो.

दोष तळघरात असेल तर

व्हॉल्व्ह उघडा आहे, उतार बरोबर आहे, व्हेंट नवा आहे, तरी ठणठणाट सुरूच. आता वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची दारं ठोठवा. इथे एकावर एक असलेल्या घरांना एक ‘लाइन’ म्हणतात. तुमच्या लाइनमधल्या सगळ्यांना आवाज येत असेल तर दोष उभ्या पाईपमध्ये, तळघरातल्या मुख्य पाईपमध्ये किंवा बॉयलरमध्ये आहे. मुख्य पाईपचं उष्णतारोधक आवरण निघालेलं असणं, बॉयलरचं पाणी गढूळ किंवा पातळी जास्त असल्यामुळे वाफेबरोबर पाणीही वर उडणं, आणि दाब वाढवून ठेवणं ही नेहमीची कारणं. शेवटचं तर फारच. पाचव्या मजल्यावर थंडी वाजते अशी तक्रार आली की दाब वाढवून टाकायचा, हा कित्येक सुपरांचा एकमेव उपाय. अशा इमारतींना सहसा २ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आतला दाब पुरतो. जास्त दाबाने आवाज वाढतो, गॅस जास्त जळतो, आणि पाचवा मजला तरी गारच.

तळमजल्यावर, बॉयलरच्या खोलीच्या बरोबर वर राहणाऱ्यांचा त्रास निराळा असतो: बर्नर पेटताना धडधड, पंपाची घरघर, जमिनीतून येणारं कंपन. त्यावर उपाय म्हणजे यंत्राखाली कंपन शोषणाऱ्या रबरी किंवा स्प्रिंगच्या बैठका.

नोंद, थर्मामीटर आणि पत्र

आठवडाभर एक वही ठेवा. तारीख, वेळ, कुठल्या खोलीत, कसला आवाज, किती वेळ, आणि बॉयलर सुरू होताना की गार होताना. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. आणि एक स्वस्तातला थर्मामीटर आणा. आवाजाच्या तक्रारीला तो कशाला? कारण पाणी साचलेला रेडिएटर बहुधा नीट तापतही नाही. आवाज किती म्हणजे फार, यावर वाद घालता येतो; तापमानावर येत नाही. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा हंगाम. सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ अंश फॅरनहाइटखाली असेल तर घरात किमान ६८ अंश हवेत, आणि रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असलं तरी किमान ६२. न्यू जर्सीत १ ऑक्टोबर ते १ मे, सकाळी ६ ते रात्री ११ पर्यंत ६८ आणि एरवी ६५. खोली यापेक्षा गार भरली तर तक्रारीत ते सगळ्यात वर लिहा.

पत्र ईमेलने पाठवा, उत्तर आलं नाही तर सर्टिफाइड पोस्टाने. राग, टोमणे, बाळाची झोप, उद्याची मीटिंग हे सगळं एका वाक्यात आटपा. बाकी असं काहीतरी: बेडरूमच्या रेडिएटरमध्ये रोज पहाटे बॉयलर सुरू होताना वॉटर हॅमर होतो, नोंदी आणि रेकॉर्डिंग जोडलं आहे, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, लेव्हलनुसार उतार उलटा आहे, वरच्या घरातही हाच त्रास आहे, कृपया उतार, व्हेंट आणि बॉयलरचा दाब वाफेची माहिती असलेल्या प्लंबरकडून तपासून घ्यावा आणि कधी येणार ते कळवावं. ‘वाफेची माहिती असलेल्या’ हे शब्द गाळू नका, कारण आजच्या बऱ्याच प्लंबरांनी हे काम फारसं केलेलं नसतं.

तरीही कुणी हललं नाही तर

न्यूयॉर्कमध्ये ३११ या शहराच्या फोन क्रमांकावर तक्रार करा आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवा. उष्णता कमी असेल तर ती घरांची व्यवस्था बघणाऱ्या एचपीडीकडे जाते आणि तिथून निरीक्षक येऊ शकतो. पंखे, पंप अशा हवा किंवा द्रव फिरवणाऱ्या यंत्रांसाठी शहराच्या ध्वनी-नियमांत घराच्या आत, उघड्या खिडकीपासून ३ फुटांवर मोजलेल्या ४२ डेसिबलची मर्यादा आहे. त्याची तपासणी पर्यावरण विभाग, म्हणजे डीईपी करतो. पाईपमधला ठणठणाट या कलमात सहज बसत नाही, म्हणून तिथे घर राहण्याजोगं ठेवण्याच्या मालकाच्या जबाबदारीवर बोट ठेवा. राज्याच्या रिअल प्रॉपर्टी लॉचं कलम २३५-बी त्यासाठीच आहे. घर रेंट-स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर सरकारी मर्यादा असलेलं, असेल तर सेवा कमी झाल्याबद्दल भाडं कमी करण्याचा अर्ज राज्याच्या गृहविभागाकडे करता येतो.

तक्रार केली म्हणून मालकाने सूड उगवू नये यासाठी त्याच कायद्याचं कलम २२३-बी आहे. मात्र मालक स्वतः राहत असलेल्या, चारपेक्षा कमी घरांच्या इमारतीला ते लागू होत नाही, आणि क्वीन्समधली आपली कितीतरी मंडळी नेमकी अशाच घरांत राहतात. तिथे गोडीगुलाबीने घेतलेलं बरं.

न्यू जर्सीत १९७० च्या ‘मरिनी विरुद्ध आयर्लंड’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, मालक आवश्यक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने ती करून घेऊन रास्त खर्च भाड्यातून वळता करावा, हे मान्य केलं. तो खटला नादुरुस्त संडासाचा होता. रेडिएटरवर तो लावण्याआधी, आणि कुठेही भाडं अडवून ठेवण्याआधी, भाडेकरूंच्या वकिलाचा सल्ला घ्या. मालकाने थकबाकीचा दावा ठोकला की पुढचं घर शोधताना तोही आडवा येऊ शकतो.

नवं घर बघत असाल तर जूनमध्येही हे तपासता येतं: व्हेंटवर रंगाचे थर आहेत का, रेडिएटरखाली फरशी काळवंडली आहे का, व्हॉल्व्ह फिरतो का, बॉयलरची खोली कोणत्या घराखाली आहे. आणि लिफ्टमध्ये कुणी शेजारी भेटला तर एजंटच्या देखत विचारा, ‘हिवाळ्यात झोप लागते ना?’