इंग्लंडमध्ये मुलाला नर्सरीत घालताना: वयाप्रमाणे फी कशी बदलते

नोकरी घेऊन इंग्लंडला येणारी जोडपी आधी घरभाड्याची चौकशी करतात. पदरात दोन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर त्याआधी नर्सरीच्या फीची करा. आपल्याकडे प्लेग्रुपची फी कमी, केजीची जास्त, शाळेची त्याहून जास्त अशी चढण असते. इथे उतरण आहे. सगळ्यात महाग पहिली दोन वर्षं, आणि सरकारी शाळा सुरू झाली की शिकवण्याचा खर्च शून्य.

कारण कायद्यात आहे. दोन वर्षांखालच्या दर 3 बाळांमागे नर्सरीला 1 माणूस ठेवावाच लागतो. दोन वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण 5 ला 1 आणि तीन वर्षं पूर्ण झाल्यावर 8 ला 1 आहे; शिक्षकाची पात्रता असलेली व्यक्ती वर्गात असेल तर 13 ला 1 सुद्धा चालतं. एप्रिल 2025 मध्ये 21 वर्षं आणि त्यावरच्यांचं किमान वेतन ताशी 12.21 पौंड झालं. तेच धरून भागाकार करा: नुसत्या पगारापोटी बाळामागे तासाला 4.07 पौंड, दोन वर्षांच्या मुलामागे 2.44 आणि तीन वर्षांच्या मुलामागे 1.53. जागेचंही तसंच, बाळाला 3.5 चौरस मीटर लागतात, मोठ्या मुलाला 2.3. म्हणून बेबी रूमच्या दरात घासाघीस करायला फारसा वाव नसतो. त्यात वेळ घालवू नका.

त्यापेक्षा एक प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या: फी नक्की कधी उतरते? काही ठिकाणी दुसऱ्या वाढदिवसाला, काही ठिकाणी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, तर काही ठिकाणी मूल पुढच्या खोलीत गेल्यावरच. शेवटचा प्रकार जपून पाहा. पुढच्या खोलीत जागा नसेल, तर दोन वर्षं पूर्ण होऊनही बाळाचाच दर भरत राहावं लागेल. सगळ्या वयांना एकच दर लावणाऱ्या नर्सरीही असतात; तान्ह्या बाळासाठी त्या परवडू शकतात, तीन वर्षांच्या मुलासाठी बहुधा नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सप्टेंबर 2025 पासून नोकरदार पालकांच्या मुलांना 9 महिन्यांपासून आठवड्याला 30 तास मोफत मिळतात, वर्षातले 38 आठवडे. ऑफिसातले इंग्रज सहकारी तुम्हाला हेच सांगतील, आणि ते खरंच आहे. पण नव्याने आलेल्या बहुतेकांच्या व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही, ही अट असते. आई आणि वडील दोघांवरही ती असेल, तर हे 30 तास मिळत नाहीत आणि ‘टॅक्स-फ्री चाइल्डकेअर’ही मिळत नाही, म्हणजे खात्यात 8 पौंड टाकले की सरकार 2 पौंड घालतं ती योजना. दोघंही कर भरत असताना हे अन्यायाचं वाटतं, मलाही वाटतं. पण महिन्याचं गणित हे तास सोडूनच मांडा. दोघांपैकी एकाकडे ब्रिटिश नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर अर्ज त्याच्या नावाने करा.

तिसऱ्या वर्षानंतर मात्र 15 तास सगळ्यांना आहेत. तिथे व्हिसा आडवा येत नाही. कित्येक जण 30 तासांचा नकार मिळाला की हेही मागत नाहीत. ते नर्सरीकडे हक्काने मागा. घरात उत्पन्न कमी असेल, उदाहरणार्थ एकाच्याच केअर वर्करच्या पगारावर घर चालत असेल, तर दोन वर्षांच्या मुलासाठीच्या 15 तासांबद्दल कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, विचारा; ‘नो पब्लिक फंड्स’वाल्यांनाही त्यात वाट ठेवलेली आहे.

हे तास वाढदिवसाला सुरू होत नाहीत. 1 जानेवारी, 1 एप्रिल आणि 1 सप्टेंबर या तीनच तारखा. 31 मार्चला तीन वर्षांचं झालेलं मूल दुसऱ्या दिवसापासून पात्र ठरतं, 1 एप्रिलला झालेलं थेट सप्टेंबरमध्ये. शाळेचा फरक तर वर्षाचा: 31 ऑगस्ट 2023 ला जन्मलेलं मूल सप्टेंबर 2027 मध्ये रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जाऊ शकतं, 1 सप्टेंबरला जन्मलेलं 2028 मध्ये. म्हणून मैत्रिणीचं बजेट जसंच्या तसं उचलू नका, स्वतःच्या बाळाची जन्मतारीख घेऊन बसा.

नर्सरी झेपत नसेल तर चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी व्यक्ती, पाहा. घरगुती वातावरण, आणि वेळाही कधीकधी जास्त सोयीच्या. मात्र ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेची नोंदणी तपासाच. ‘माझ्या घरी सांभाळते, मराठी जेवण देईन’ असे निरोप आपल्या ग्रुपवर येतात. पैसे घेऊन स्वतःच्या घरी दिवसाला दोन तासांहून अधिक वेळ दुसऱ्याचं लहान मूल सांभाळायचं, तर नोंदणी लागतेच. ती नसेल तर ओळखीचं माणूस असलं तरी नको म्हणा.

आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहू शकतात. ते नातवंडांना भेटायला येतात आणि घरात हात लावतातच, पण पाळणाघराच्या जागी त्यांना धरून नोकरीची आखणी करू नका. व्हिसाच्या नियमांतही ते बसत नाही.

मूल तीनचं झालं की जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेला नर्सरीचा वर्ग आहे का ते विचारा. काही ठिकाणी तो अर्ध्याच दिवसाचा असतो; तसं असेल आणि दोघं नोकरदार असाल तर उरलेल्या वेळेची सोय लागेल. आणि त्याच शाळेत नर्सरी केली म्हणून रिसेप्शनला जागा आपोआप मिळत नाही. त्यासाठी प्रवेशाच्या वर्षी 15 जानेवारीपर्यंत कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो.