फवारणीच्या दिवसांत शेततळ्यातले मासे: आधी चर बुजवा, मग स्पिरुलिना

कपाशी-सोयाबीनच्या फवारण्या तोंडावर आल्यात आणि तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली आहे. शेताचं पाणी तळ्यात उतरवणारा चर उघडा असेल तर पुढचं वाचायच्या आधी जाऊन त्यात माती टाका. मासे मरतात या चरामुळे, नाव मात्र रोगाचं होतं.

हिशेब बघा. 30 × 30 × 3 मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्यात मीटरभर पाणी म्हणजे साधारण सव्वासहा लाख लिटर. त्यात 25 टक्के सायपरमेथ्रिनचं 10 मिली औषध गेलं, की लिटरमागे 4 मायक्रोग्रॅम झालं. बोटुकलीच्या जिवावर बेतायला एवढं पुरतं. काठावर पंप विसळला, झाकण धुतलं, संपलं.

आता स्पिरुलिना, म्हणजे वाळवून भुकटी केलेलं निळं-हिरवं शेवाळ. तिलापिया माशावर डेल्टामेथ्रिन आणि डायझिनॉन या कीटकनाशकांचे प्रयोग झालेत. खाद्यात अर्धा ते एक टक्का स्पिरुलिना असताना यकृताची हानी कमी दिसली. रोहू-कटल्यालाही तेवढंच धरावं, असा आमचा अंदाज. उपयोग थोडंथोडं झिरपणाऱ्या औषधापुरता. लोंढा आला तर काही चालत नाही. बाधलेला मासा खातच नाही, म्हणून फवारणीच्या तीन-चार आठवडे आधीपासून द्या. उशीर झाला असेल तर आजपासून.

50 ग्रॅमचे हजार मासे म्हणजे 50 किलो वजन. 4 टक्के दराने रोज 2 किलो खाद्य, त्याला 20 ग्रॅम भुकटी, महिन्याला 600 ग्रॅम. मैद्याची पातळ खळ शिजवून पूर्ण गार करा, मगच भुकटी कालवा. गरम खळीत तिचा निळा रंग मरतो, आणि कामाचा एक महत्त्वाचा भाग तोच. गोळी खाद्यावर शिंपडून हाताने चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी संपवा. डबा उन्हात ठेवू नका. भुकटी पिवळट-तपकिरी पडली असेल तर घेऊच नका.

दुकानदार ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली पुढे करेल. आत काय, किती, हे लेबलवर नसेल तर परत द्या. माणसांच्या कॅप्सूलही नकोत, पशुखाद्य प्रतीची सुटी भुकटी मागा. आणि तळ्यावर आलेली हिरवी साय म्हणजे स्पिरुलिना नव्हे. त्यातली काही शेवाळं स्वतःच विषारी असतात. ती गोळा करून खाऊ घालू नका.

मासे वर आले तर आधी वेळ बघा. पहाटे तोंड वर काढून हवा गिळताहेत, मोठे आधी मरताहेत, तर बहुधा प्राणवायू कमी. भर दुपारी वेडेवाकडे पोहताहेत, लहान आधी उलटताहेत, पाणकिडे आणि झिंगेही मेलेत, तर औषध. चराच्या तोंडाशी जाळीच्या पिशवीत चार झिंगे ठेवा, ते आधी कळवतात. मग खाद्य बंद, येणारं पाणी बंद, विहिरीचं ताजं पाणी सोडा, पंपाने पाणी उसळवा. मेलेले मासे विकू नका, कोंबड्यांनाही घालू नका, खड्ड्यात पुरा.

फवारणीनंतरच्या पहिल्या दोन पावसांचं पाणी तळ्यात घेऊ नका, तळं अर्धं राहिलं तरी चालेल.

नेहमीची कामं:
- सामू तपासणे
- जाळं ओढून वजन घेणे
- काठाचं गवत काढणे
- सांडव्याची जाळी साफ करणे