पेशंटसोबत सर्व्हिस डॉग असेल तर या चुका टाळा

न्यू जर्सीत वीकेंडला ॲम्ब्युलन्सवर ड्यूटी करून मला नऊ वर्षं झाली. नव्या पोरांना सीपीआर झोपेतही जमतं, पण पेशंटशेजारी सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा, दिसला की त्यांची भंबेरी उडते.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे कुत्र्याला ओढून बाजूला करणं. एकदा फिट आलेल्या बाईंकडे गेलो, तर त्यांची काळी लॅब्राडोर त्यांच्या पायांवर आडवी पडलेली. तिला शिकवलेलंच ते. माझ्या जोडीदाराला वाटलं, कुत्री अंगावर चढलीये. त्याने लीशला, म्हणजे तिच्या पट्ट्याच्या दोरीला, हिसका दिला. ती गुरगुरलीसुद्धा नाही, नुसते पाय रोवून बसली. आणि लीशचं दुसरं टोक बाईंच्या मनगटात! खांदा निखळायचाच बाकी होता. तेव्हापासून मी आधी लीश कुठे अडकलीय ते बघतो, मग बाजूने जातो, कुत्र्याशी नजर भिडवत नाही. घरातलं कुणी असेल तर त्यालाच कुत्रा धरायला सांगतो. पेशंट शुद्धीवर असेल तर कमांड त्याने द्यायची. दहा सेकंद लागतात. तेवढाही धीर नसेल तर या कामात येऊ नये.

दुसरी चूक, ‘कागद दाखवा’. एडीए या अमेरिकेतल्या अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्यात असं ओळखपत्रच नाही, कुत्र्याला जॅकेट घालायचीही सक्ती नाही. गरज उघड दिसत नसेल तर प्रश्न दोनच: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला काय काम शिकवलंय? ऑनलाइन विकत मिळणारी सर्टिफिकिटं बघून खूश होणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

कुत्र्याला नाही म्हणायला ‘मला ॲलर्जी आहे’ हे कारण चालत नाही. मलाही शिंका येतात; मास्क लावतो.

अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या गाइड डॉगच्या हार्नेसचा (अंगावरच्या पट्ट्यांचा) दांडा धरू नका, लीश धरा. खाऊ नको, ‘गुड बॉय’ही नको.

ॲम्ब्युलन्समध्ये कुत्रा सहसा सोबत येतोच. त्याच्यामुळे उपचारच अडणार असतील तर त्याला हॉस्पिटलला पोचवायची वेगळी सोय आपण करायची, पेशंटच्या गळ्यात मारायची नाही. स्ट्रेचर चढवताना शेपूट चाकाखाली नाही ना, बघा. हसू नका, झालंय.

निघतानाच हॉस्पिटलला रेडिओवर कळवा. नाहीतर दारातच सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत, आणि तोही कागदच मागणार.