दोन देशांची राज्यव्यवस्था ताडून पाहायची तर सरकार पडण्यापासून सुरुवात करा

मी राज्यशास्त्र शिकवते. तुलनेचा तक्ता मांडताना 'अध्यक्षीय' आणि 'संसदीय' हे दोन शब्द मी विद्यार्थ्यांना सुरुवातीला वापरू देत नाही. शब्द चुकीचे नाहीत, पण ते हाताशी आले की पुढचं वाचायचा कंटाळा येतो. दक्षिण आफ्रिकेला 'राष्ट्राध्यक्ष' आहे म्हणून तिला अमेरिकेशेजारी बसवलेले तक्ते माझ्याकडे नेहमी येतात. तिथला राष्ट्राध्यक्ष नॅशनल असेंब्ली निवडते आणि एकूण सदस्यांच्या बहुमताने अविश्वास ठराव करून तीच त्याला घालवू शकते. अमेरिकेशी याचं फारसं नातं नाही.

म्हणून तीनच देश घ्या आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारा: चालू सरकार मुदतीआधी घरी कसं जातं?

ब्रिटनमध्ये १९७९ साली कॅलहन सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० मतांनी मंजूर झाला आणि निवडणूक लागली. भारतात १९९९ साली वाजपेयी सरकारने विश्वासमत २६९ विरुद्ध २७० असं गमावलं. एका मताने सरकार गेलं. पर्यायी सरकार काही उभं राहीना, तेव्हा इथेही निवडणूकच झाली. आता याशेजारी अमेरिका ठेवा. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरच्या महाभियोगात सिनेटची ३५ मतं विरोधात आणि १९ बाजूने पडली, तरी ते पदावर राहिले, कारण दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं. हे आकडे शेजारी-शेजारी लिहिले की दोन व्यवस्थांमधलं अंतर डोळ्यांनी दिसतं. अमेरिकेत पुढे क्लिंटन यांच्यावर एकदा आणि ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला, पण सिनेटने आजवर एकाही अध्यक्षाला पदच्युत केलेलं नाही.

या तिघांनंतर जर्मनी मुद्दाम घ्याच. तिच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, कलम ६७ नुसार चॅन्सेलरवर (तिथल्या सरकारप्रमुखावर) अविश्वास दाखवायचा तर त्याच मतदानात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. वायमार काळात, म्हणजे हिटलरआधीच्या जर्मन प्रजासत्ताकात, सरकार पाडायला एकत्र येणारे पक्ष सरकार चालवायला एकत्र येत नव्हते, त्यातून हे कलम आलं. १९७२ साली चॅन्सेलर ब्रांट यांच्याविरुद्ध दोन मतं कमी पडली आणि ते टिकले. १९८२ साली याच कलमाने चॅन्सेलर श्मिट गेले आणि कोल आले. भारतातल्या १९९९ च्या पेचाशी हे कलम ताडून पाहा. एवढी एक तुलना नीट लिहिली तरी मी विद्यार्थ्याला भरघोस गुण देते.

दुसरा प्रश्न पैशाचा. अर्थसंकल्प अडला तर कोण अडचणीत येतं? भारतात लोकसभेने तो फेटाळला तर सरकारला जावं लागतं. राज्यसभा मात्र धन विधेयक १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. अमेरिकेत अध्यक्ष जागेवर राहतो आणि कचेऱ्या बंद पडतात. २०१८-१९ मध्ये त्या ३५ दिवस बंद होत्या. ऑस्ट्रेलियात १९७५ साली सिनेटने निधी रोखून धरला आणि राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केलं. कनिष्ठ सभागृहात बहुमत असूनही! वरिष्ठ सभागृहाला घाईघाईत 'दुय्यम' लिहून टाकणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावं.

तक्त्याच्या प्रत्येक घरात दोनच गोष्टी लिहा: कलमाचा क्रमांक आणि ते कलम खरोखर वापरलं गेल्याचं साल. साल मिळालं नाही तर घर रिकामं ठेवा. कधीच न वापरलेला अधिकार हीसुद्धा माहितीच आहे. ब्रिटनला एकत्र लिहिलेली राज्यघटना नाही, तिथे कायद्याचं नाव आणि रूढी लिहा.

सालाचा आग्रह का, ते फ्रान्समध्ये कळतं. घटना १९५८ चीच, पण १९८६ साली मित्तराँ राष्ट्राध्यक्ष असताना संसदेत विरोधकांचं बहुमत आलं, शिराक पंतप्रधान झाले आणि देशांतर्गत कारभाराची सूत्रं राष्ट्राध्यक्षांकडून त्यांच्याकडे गेली. एक अक्षरही न बदलता सत्तेची जागा बदलली. असं १९९३ आणि १९९७ सालीही घडलं.

निवडणूक होते एवढंही पुरेसं धरू नका. इराणमध्ये राष्ट्राध्यक्ष लोक निवडतात, पण उमेदवार आधी १२ सदस्यांच्या पालक मंडळाच्या चाळणीतून जातात आणि त्यातल्या सहा धर्मशास्त्रींना सर्वोच्च नेता नेमतो. म्हणून उमेदवार कोण ठरवतं, हा रकाना मी वेगळा ठेवते.

शेवटचा रकाना अंतिम शब्द कुणाचा याचा. दक्षिण कोरियात महाभियोगाचा ठराव संसद करते, पण निकाल घटना न्यायालय देतं. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला. काही तासांत संसदेने १९० विरुद्ध शून्य मतांनी तो उठवायला लावला, आणि ४ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केलं.

पहिल्यांदाच करत असाल तर ब्रिटन आणि जर्मनी ही जोडी घ्या. दोन्हीकडे सरकार संसदेला उत्तरदायी आहे, त्यामुळे फरक कलमांतच शोधावा लागतो. फ्रान्स तिसऱ्या खेपेला.