पाणी आणि ऑक्टेनॉलच्या मधोमध मॉफची फिल्म कशी धरायची
मॉफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून झालेली सच्छिद्र स्फटिकी जाळी, आणि एचकेयूएसटी-१ हे त्यातलंच कॉपरवालं मॉफ. त्याची फिल्म करायचीय ना, मग आधी बीकरमध्ये कॉपर अ‍ॅसिटेटचं निळं पाणी घ्या आणि ऑक्टेनॉलमध्ये (पाण्यात जवळजवळ न मिसळणारं अल्कोहोल) विरघळवलेलं ट्रायमेसिक अ‍ॅसिड पिपेटने काचेच्या कडेकडेनं एकदम सावकाश वर सोडा, घाई केली की थर ढवळतो आणि नुसता गाळ मिळतो. ऑक्टेनॉलची घनता ०.८३ च्या आसपास, पाण्यापेक्षा कमी, म्हणून ते वरच राहतं, आणि कॉपर आणि अ‍ॅसिड भेटतात ते फक्त मधल्या सीमेवर, तिथेच दुधावरच्या सायीसारखी फिल्म धरते. बीकर अजिबात हलवू नका! काचपट्टी तिरकी घालून अलगद उचला, इथेनॉलने धुवा, व्हॅक्युम ओव्हनमध्ये सुकवा. गडद निळी झाली की लगेच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) ठेवा, कारण जुलैत नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेची हवा म्हणजे नुसता दमटपणा, कॉपरवर पाणी बसलं की रंग परत फिका पडतो. उरलेलं कॉपरचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका प्लीज, वेगळ्या बाटलीत भरा.