जीएम रोपांचा जैविक प्रतिबंध: या चुका टाळा

जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, रोपातले जनुक आजूबाजूच्या पिकांत किंवा रानटी भाईबंदांत शिरू नये म्हणून रोपाच्या आतच केलेली सोय म्हणजे जैविक प्रतिबंध. जनुक नेमके कोणत्या वाटेने निसटेल हे न पाहताच उपाय निवडला जातो, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

हरितलवकात (पेशीतल्या हिरव्या कणात) जनुक टाकले म्हणजे परागकणांची चिंता मिटली, असे समजणे. तंबाखूत हरितलवके जवळपास पूर्णपणे आईकडूनच येतात, म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली. पण तिथेही लाखात एखाद-दुसऱ्या रोपात ती परागातून उतरलेली आढळली आहेत. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत तर ती बापाकडूनच येतात. तिथे ही युक्ती उलटी पडेल. लसूणघासात दोघांकडूनही येतात. तेव्हा आधी त्या प्रजातीचा वारसा तपासा. आणि पाचशे रोपांत एकही गळती दिसली नाही म्हणून खूश होऊ नका: लाखात एक गळती ९५ टक्के खात्रीने पकडायची तर सुमारे तीन लाख रोपे तपासावी लागतात.

नर-वंध्य (पराग न बनवणारे) रोप म्हणजे बंदिस्त रोप, हा समज. बार्नेझ या पेशी मारणाऱ्या जनुकाने परागकोशाचे आतले अस्तर मारून पराग थांबवता येतो, हे १९९० मध्ये तंबाखू आणि मोहरीवर्गीय रेपसीडमध्ये दाखवले गेले. पण स्त्रीकेसर शाबूत असतो. शेजारच्या रानटी मोहरीचा पराग आला की बी धरते, आणि त्यात जनुक असू शकते. नर-वंध्य ओळीत शेंगा दिसल्या तर आधी परागकोश रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. भरलेले परागकण दिसले तर वंध्यत्व ढळले आहे. काही वाणांत केवळ तापमान बदलल्यानेही असे होते. परागकण नसतील किंवा पोकळच असतील तर बाप बाहेरचा असणार. रोपांची डीएनए चाचणी करून तो शोधा.

बी आणि धावत्या फांद्या विसरणे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये तृणनाशक-सहनशील बेंटग्रासचे जनुक परागातून २१ किलोमीटरपर्यंत गेल्याचे आढळले. हे गवत जमिनीलगतच्या धावत्या फांद्यांनीही पसरते, म्हणजे नुसता पराग अडवून अर्धेच काम होते. मक्यात तर सांडलेले दाणेच पुरतात. २००२ मध्ये नेब्रास्कात औषधी प्रथिनाच्या मक्याची आपसूक उगवलेली रोपे पुढच्या हंगामाच्या सोयाबीनमध्ये मिसळली आणि सुमारे पाच लाख बुशेल (अमेरिकी धान्यमाप) सोयाबीन नष्ट करावे लागले. रेपसीडचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते, त्यामुळे चाचणी संपली तरी शेतावरची पाहणी थांबवू नका.

‘टर्मिनेटर’वर, म्हणजे पिकाचे पुढचे बी वांझ करणाऱ्या तंत्रावर, विसंबणे. १९९८ मध्ये पेटंट मिळालेले हे तंत्र कधी बाजारात आले नाही. शिवाय त्याची कळ बियाण्याला द्यायच्या रसायनावर चालते. ज्या बियापर्यंत रसायन पोहोचले नाही, तिची पुढची पिढी खुशाल उगवते.

कोणताही एक उपाय पुरत नाही, म्हणून एकाच रोपात प्रतिबंधाचे दोन अडसर ठेवतात. पण दोन्ही एकाच प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) चालत असतील आणि रोपाने तो प्रमोटर मूक केला, म्हणजे बंद पाडला, तर दोन्ही एकाच वेळी उघडतात. आराखड्यात हे सहसा कुणी विचारत नाही. वेगळे प्रमोटर घ्या, आणि शक्यतो एक अडसर परागासाठी, दुसरा बियासाठी ठेवा.